‘द अमेझिंग रेस’च्या निर्मात्यांना खुलं पत्र: साध्या माणसांची शर्यत परत आणा

प्रति,
सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर कार्यक्रम ठरवणारे वरिष्ठ,
निर्माते बर्ट्राम व्हॅन मन्स्टर आणि एलिस डोगानिएरी,
तसेच सूत्रसंचालक फिल किओगन यांस,

सप्रेम नमस्कार.

दोघादोघांच्या जोड्या दहा लाख डॉलर्ससाठी देशोदेशी धावतात, त्या तुमच्या शर्यतीचा सीझन 38 संपला. 13 जोड्या, आणि प्रत्येक जोडीत किमान एक जण तुमच्याच वाहिनीवरच्या, स्पर्धकांना एका घरात कोंडून ठेवणाऱ्या ‘बिग ब्रदर’च्या घरात राहून आलेला. टीव्हीशी काही देणंघेणं नाही अशी एकही जोडी नाही. हा निर्णय जाहीर झाला तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, आधी बघू, मग बोलू. आता बघून झालंय.

इंग्रजीत तुम्हाला लिहिणारे रग्गड आहेत. मी मराठीत लिहिते आहे, कारण हा कार्यक्रम आमच्या घरात मराठीतून बघितला गेला, त्यावरून भांडणंही मराठीतच झाली. शिवाय न्यू जर्सीतल्या एडिसनपासून ठाण्या-पुण्यापर्यंत तो बघत आलेले माझ्यासारखे बरेच जण आहेत, त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. तुमच्याकडे भाषांतर करून देणारं कुणीतरी असेलच.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते, म्हणजे ‘ही कोण टिकोजीराव’ असं वाटायला नको.

तुमचा पहिला भाग लागला 5 सप्टेंबर 2001 रोजी. शर्यत सुटली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातून. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत नवे होतो, आणि आपल्या ओळखीची जागा टीव्हीवर दिसते याचंच अप्रूप होतं. सहा दिवसांनी काय झालं ते जगाला माहीत आहे. त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या ओळखीतल्या कुणालाच विमानात पाऊल टाकावंसं वाटत नव्हतं, आणि माझ्या दाढीवाल्या नवऱ्याला तर विमानतळावर हमखास बाजूला घेत. अशा दिवसांत आठवड्यातून एकदा तुमच्या जोड्या पाठीवर पिशव्या टाकून विमानतळांवर धावताना दिसायच्या. दिल्ली, आग्रा, मग बिकानेरजवळचं करणीमातेचं मंदिर. उंदरांमधून अनवाणी चालणारी ती अमेरिकन माणसं बघून हसावं की चिडावं हे आम्हाला ठरवता आलं नाही. पण बघणं काही आम्ही सोडलं नाही.

पुढे 2005 मध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सीझन 7 चालू होता. मला वाटलं होतं, दहा मिनिटांत उठून झोपायला जातील. तसं झालं नाही. विमानाचं दार बंद होणार आहे, दोघांपैकी एक जण काउंटरवर हातापाया पडतोय, दुसरा घामाघूम होऊन बॅग शोधतोय, आणि दोघं एकमेकांवर खेकसताहेत. यात न कळण्यासारखं काय आहे? आयुष्यभर स्वारगेटच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या बाईला ते पहिल्याच भागात कळलं. मेरेडिथ आणि ग्रेचेन हे निवृत्त जोडपं त्यांचं लाडकं. दक्षिण आफ्रिकेतल्या गुहेत ग्रेचेनबाई पडल्या, चेहऱ्याला मार लागला, आणि पट्ट्या बांधून पुन्हा चालायला लागल्या, तेव्हा सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “बघ रे, आणि तू मला जिना चढू देत नाहीस.”

त्याच सीझनमध्ये शर्यत भारतात आली आणि उचेना-जॉइस या जोडप्यापुढे फास्ट फॉरवर्ड आला. दोघांनी डोकं भादरून घ्यायचं, मग बाकीची कामं न करता थेट पुढे. जॉइस रडली, बसली, आणि तिने केस उतरवले. नवरा तिला सांगत होता, तू सुंदर दिसतेस. आमच्या बैठकीच्या खोलीत कुणी बोललं नाही. सासूबाईंनी लहानपणी घरात केशवपन केलेली, लाल आलवणातली आत्या पाहिलेली होती. बाईचं डोकं भादरणं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. बऱ्याच वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, “हिला निदान विचारलं तरी.” तुमच्या कार्यक्रमाने आमच्या घरात काय काय बोलायला लावलं, याची तुम्हाला कल्पना नसेल, म्हणून हे लिहिलं.

आणि ते दोघं जिंकले! शेवटच्या टप्प्यात खिशात दमडी नाही, टॅक्सीचं भाडं चुकतं केल्याशिवाय उचेना पुढे जाईना, रस्त्यावरच्या लोकांकडे पैसे मागितले, ड्रायव्हरला दिले आणि मग अंतिम रेषेकडे धावले. दहा लाख डॉलर्स समोर असताना टॅक्सीवाल्याचे पैसे बुडवायचे नाहीत, हे बघून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता लक्षात घ्या, त्या सीझनमध्येही टीव्हीवरची प्रसिद्ध जोडी होती. रॉब आणि अँबर, दोघंही ‘सर्व्हायव्हर’ या कार्यक्रमातले. म्हणजे प्रसिद्ध माणसं नकोतच असा माझा हट्ट नाही. पण ती 11 जोड्यांमधली एक जोडी होती. विमानतळावर लोक त्यांना ओळखायचे, त्यांची कामं पटकन व्हायची, बाकीच्या जोड्यांचा त्यावर जळफळाट व्हायचा, आणि शेवटी त्यांना हरवलं कुणी, तर टीव्हीवर त्याआधी कुणी पाहिलेलंही नव्हतं अशा जोडप्याने. मजा त्यात होती. सगळेच प्रसिद्ध असले तर कुणी कुणाला हरवलं याचं कौतुक ते काय?

तुमच्या निवडीचा प्रवास मी बघत आले आहे. सीझन 26 मध्ये एकमेकांना पूर्वी कधी न भेटलेल्या लोकांच्या काही जोड्या लावून शर्यतीत सोडल्या होत्यात. सीझन 28 सोशल मीडियावरच्या ताऱ्यांना दिलात. सीझन 29 मध्ये तर सगळेच अनोळखी, सुरुवातीच्या रेषेवर जोड्या जुळवल्या. सीझन 31 मध्ये ‘सर्व्हायव्हर’, ‘बिग ब्रदर’ आणि तुमचेच जुने स्पर्धक. सीझन 30 आणि 34 जिंकल्या त्या ‘बिग ब्रदर’मध्ये जमलेल्या जोड्यांनी. आणि आता 38 पूर्णच तिकडचा. वाहिनी एक, कार्यक्रम दोन, एकाची उरलेली माणसं दुसऱ्यात. काल रात्रीची भाजी आज थालीपिठात घालावी तसं हे चाललंय. घरी ते खपतं, पाहुण्यांना वाढत नाहीत.

अनोळखी माणसांच्या जोडीत मला काय खटकतं तेही सांगते. जोडीला मागचा इतिहास लागतो. ल्यूक आणि मार्जी आठवतात? ऐकू न येणारा मुलगा आणि त्याची आई, सीझन 14. ती त्याच्यासाठी खुणांच्या भाषेत बोलते, तो वैतागतो, ती समजून घेते. ही वीस-बावीस वर्षांची मुरलेली गोष्ट आहे, ती सुरुवातीच्या रेषेवर जुळवता येत नाही. झेव आणि जस्टिन हे मित्र आठवतात? कंबोडियात झेवचा पासपोर्ट हरवला आणि दोघं बाहेर पडले. जस्टिन मित्रावर ओरडला नाही. माझा नवरा तेव्हा म्हणाला होता, “मी असतो तर तू मला तिथेच सोडून घरी आली असतीस.” बरोबरच आहे त्याचं. सीझन 33 मधले अरुण आणि नतालिया कुमार, बाप-लेक. भारतीय बाप मुलीला काही सांगू पाहतो आणि ती ‘डॅड, प्लीज’ म्हणते, हे आमच्या गाडीत दर शनिवारी घडतं.

तुम्ही म्हणाल, सीझन 38 कोण जिंकलं ते बघा की. बघितलं. जस आणि जग बेन्स, पगडीतले दोन शीख भाऊ. खरं सांगते, शेवटच्या भागात मी उभी राहून बघत होते. सप्टेंबर 2001 मध्ये, तुमचा पहिला सीझन चालू असताना, ॲरिझोनातल्या मेसा गावात एका पगडीवाल्या शीख पेट्रोलपंपमालकाला निव्वळ तो तसा दिसतो म्हणून गोळी घालून मारलं होतं. त्या काळात इथे आलेल्या माणसाला, त्याच कार्यक्रमात पगडीवाले दोन भाऊ जिंकताना बघून काय वाटतं हे शब्दांत मांडायला मला जमणार नाही. त्यांच्या यशातलं एक तोळाही मला कमी करायचं नाही.

पण म्हणूनच हा प्रश्न विचारायला हवा. जग बेन्सला शर्यतीचं दार उघडलं ते आधी ‘बिग ब्रदर’च्या घरात 100 दिवस काढून, तो सीझन जिंकल्यावर. असे दोन भाऊ अर्ज करून, व्हिडिओ पाठवून, थेट का येऊ नयेत? कॅलिफोर्नियात ट्रक चालवणारे, क्वीन्समध्ये दुकान सांभाळणारे, न्यू जर्सीत रात्रपाळी करणारे असे भाऊ-भाऊ, मायलेकी, दीर-भावजय किती असतील! त्यांना आधी दुसऱ्या कार्यक्रमात स्वतःला कोंडून घ्यायची अट कशाला?

दुसरी तक्रार विमानांची. ती लांबलचक होऊ शकते, आवरते.

फेब्रुवारी 2020 मध्ये साथीमुळे शर्यत अर्ध्यात थांबली, सप्टेंबर 2021 मध्ये स्वित्झर्लंडमधून पुन्हा सुरू झाली, आणि सगळ्या जोड्या एकाच खास भाड्याच्या विमानातून फिरल्या. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. अशा काळात तुम्ही कार्यक्रम सोडून न देता पूर्ण केलात याबद्दल तेव्हाही मनातून आभार मानले होते. मग सीझन 34 तसाच. सीझन 36 चित्रित झाला 2022 मध्ये, तोही तसाच, आणि आम्हाला दाखवलात 2024 मध्ये, सीझन 35 मध्ये प्रवासी विमानं परत आल्यावर. म्हणजे सुटका झाली म्हणून हुश्श केलं आणि पुन्हा तेच पुढ्यात.

सगळे एका विमानात बसले, एकत्र उतरले, की मागच्या टप्प्यावर मिळवलेली आघाडी गेली पाण्यात. पहिल्या वर्षांत असं नव्हतं. तिकीट कुठून काढायचं, थेट विमानाची वाट बघायची की दोनदा बदलून आधी पोहोचायचं, स्टँडबायवर नाव घालायचं का, काउंटरवरच्या बाईशी कसं बोलायचं, हा अर्धा खेळ होता. सीझन 7 च्या शेवटाला सान हुआनच्या विमानतळावर बंद झालेलं विमानाचं दार उचेना-जॉइससाठी पुन्हा उघडलं, ते योग्य की अयोग्य यावर आमच्याकडे पुढचे कित्येक आठवडे वाद झाले. आमच्यासारख्या घरात, जिथे मुंबईचं तिकीट काढताना फ्रँकफर्टवरून की अबुधाबीवरून यावर तीन रात्री जातात, तिथे हा भाग म्हणजे जीव की प्राण होता. तो तुम्ही कापून टाकलात आणि त्या जागी आणखी एक रोडब्लॉक, म्हणजे जोडीतल्या एकाच माणसाने करायचं काम, टाकलात.

प्रवासी विमानं परत आली हे खरं. पण आजकाल आमच्यासमोर येतं ते बहुतेक वेळा ‘जोड्या अमुक शहरात पोहोचल्या’ एवढंच. हॉलिवूडमधल्या लेखक-अभिनेत्यांच्या 2023 च्या संपांच्या काळात तुमचा भाग दीड तासाचा झाला, ते फार चांगलं केलंत. पण त्या वाढीव वेळात विमानतळ नाही तर मग आहे काय? जोडीतला एक जण कॅमेऱ्यासमोर बसून आपलं लहानपण सांगतो. तेही सांगावं, पण पळता पळता.

तिसरी गोष्ट भारताची, आणि इथे मला जरा जपून बोलायला हवं. ‘आमच्या देशाची बदनामी करता’ छापाचं पत्र हे नाही. सीझन 1 पासून तुम्ही दिल्ली, आग्रा, मुंबई, कोलकाता, लखनौ, जोधपूर, चेन्नई, जयपूर, वाराणसी, कोची अशी भारतात भरपूर ये-जा केलीत. मुंबईत सीझन 4 मध्ये घाटावर कपडे धुवायला लावले. सीझन 12 मध्ये सिनेमाची पोस्टरं चिकटवा नाहीतर लग्नाचे हार गुंफा असं काम दिलं. यातलं एकही काम हलकं नाही, आणि ज्यांना हार गुंफायला तासभर लागला त्यांना शेजारच्या बाईची बोटं किती भरभर चालतात हे दिसलंच. ते मला आवडलं होतं.

खटकतं ते वेगळंच. महाराष्ट्र म्हणजे मुंबई, भारत म्हणजे गर्दी आणि हॉर्न, हे एकदा ठरलं की कॅमेरा त्यापलीकडे बघतच नाही. गल्लीत शिरलेली जोडी आधी ‘इट्स क्रेझी’ म्हणणार, मग नाक दाबणार, मग एखाद्या लहान मुलाला टाळी देणार. क्रम ठरलेला. आणि सगळ्यात जास्त खटकतं ते त्या माणसांचं, ज्यांच्या जिवावर ही शर्यत चालते. टॅक्सीवाला चुकला की जोडी बाहेर जाते, टॅक्सीवाला हुशार निघाला की जोडी पहिली येते. टप्प्याच्या शेवटी, पिट स्टॉपवर, फिलच्या बाजूला आपल्या पोशाखात उभं राहून ‘वेलकम टू इंडिया’ म्हणणारी व्यक्ती असते. या माणसांना बहुतेक वेळा नाव नसतं. स्पर्धकाचं नाव, वय, गाव, धंदा सगळं पट्टीवर येतं. त्याच्याबरोबर चौकाचौकात उतरून पत्ता विचारत फिरणाऱ्या रिक्षावाल्याचं नाव लिहायला किती जागा लागते?

तुम्ही ऐकून घेता, हे मला माहीत आहे. सीझन 22 मध्ये व्हिएतनाम युद्धात हनोईत पाडलेल्या अमेरिकन बी-52 विमानाचे अवशेष तुम्ही क्लू ठेवायची जागा म्हणून वापरलेत, अमेरिकेतले माजी सैनिक दुखावले, आणि पुढच्याच भागात वाहिनीने जाहीर माफी मागितली. मला तुमची माफी नको आहे. नावं मागते आहे.

चौथी तक्रार छोटी. 2001 मध्ये बक्षीस दहा लाख डॉलर्स होतं. 2025 मध्येही दहा लाखच. महागाई धरली तर तेव्हाच्या दहा लाखांना आजचे अठरा लाख तरी लागतील. त्याचे दोघांत दोन भाग, त्यातून कर. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाने यावर अधिक काही लिहायची गरज नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. इतकी वर्षं, इतके देश, पासपोर्ट-व्हिसाच्या भानगडी, पाऊस, संप, साथ, आणि तरी दर वेळी शर्यत कुठेतरी पोहोचते. यामागे किती लोकांची झोप उडत असेल याचा मला अंदाज आहे. 2003 ते 2009 सलग सात वर्षं, पुढे 2011, 2012 आणि 2014 मध्ये तुम्हाला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. पण 2014 नंतर तो मिळालेला नाही, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तर मागण्या अशा.

पुढच्या एका सीझनमध्ये टीव्हीवर किंवा सोशल मीडियावर आधी नाव कमावलेलं कुणीही नको. एकही नाही. त्यानंतरच्या सीझनांत हवं तर एक-दोन जोड्या घ्या, त्याहून जास्त नाहीत. आणि जोड्या खऱ्या असाव्यात, एकमेकांना निदान काही वर्षं ओळखणाऱ्या. साठीच्या पुढची एक तरी जोडी असावी. मेरेडिथ-ग्रेचेननंतर आमच्या घरातल्या ज्येष्ठांना बाजू घ्यायला कुणी मिळत नाही.

किमान निम्म्या टप्प्यांसाठी तिकिटं जोड्यांनी स्वतः काढावीत, आणि ते आम्हाला दाखवावं. पहिला आलेला बारा तास आधी पोहोचला तर पोहोचू दे. खास विमान फक्त अडचणीच्या वेळी.

ज्या स्थानिक माणसांनी मदत केली, त्यांना विचारून त्यांची नावं पडद्यावर यावीत. पिट स्टॉपवर स्वागत करणाऱ्या व्यक्तीचं तर नक्कीच.

भारतात पुन्हा याल तेव्हा मुंबईत उतरा, पण थांबू नका. जोड्यांना एसटीच्या स्टँडवर सोडा. कोणती गाडी, कोणता फलाट, आणि ‘येईल आता’ म्हणजे नक्की किती वेळ, हे त्यांचं त्यांना शोधू द्या. येवल्याला पैठणीच्या मागावर बसवा आणि पदराचा चार बोटं भाग बरोबर विणून दाखवायला सांगा. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला लावा, पन्नास माणसांच्या बरोबरीने, एका लयीत. ओढणाऱ्यांची नावं मात्र लिहा.

आणि बक्षीस वाढवा. अठरा लाख म्हटलंच आहे, पंधरावर तोड काढायला मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पहिल्या सीझनपासूनची एक प्रेक्षक
एडिसन, न्यू जर्सी